चांद्याचं आवतण

बागेचं मागचं फाटक उघडलं, की बिसराम फुंडे आधी कान द्यायचा आणि मगच पाऊल आत टाकायचा. पिंजऱ्यातून आवाज यायचा. टक, टक, टक, आणि चौथा पाय घासत ओढल्याचा. चांद्या सिमेंटच्या फरशीवरून जाळीकडे येतो आहे, म्हणजे रात्र नीट गेली. मग बिसराम गमबूट चढवायचा, पाण्याचा पाइप ओढायचा आणि दिवसाला लागायचा. या बागेत त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. त्यातल्या शेवटच्या सोळा वर्षांची प्रत्येक सकाळ याच आवाजानं उजाडली होती.

चांद्या म्हणजे रोही. शिकलेले लोक त्याला नीलगाय म्हणतात, पण एवढ्या मोठ्या गड्याला गाय म्हणायला बिसरामची जीभ कधी वळली नाही. नागझिऱ्याकडच्या एका गावात कुत्र्यांनी धानाच्या बांधीत एक पिल्लू घेरलं होतं. लोकांनी ते सोडवलं आणि टेम्पोत घालून इथं आणून टाकलं. मागचा एक पाय फाटलेला. बिसरामनं त्याला बकरीचं दूध बाटलीनं पाजलं, पायाला हळद बांधली. तेव्हा रस्त्यात भेटणारा जो तो विचारायचा, तुझं लेकरू कसं आहे? लेकरू वाढलं, निळसर राखाडी झालं, गळ्याखाली केसांचा झुपका आला. माणसाळलेलं जनावर जंगलात सोडता येत नाही असं कोणीतरी साहेब सांगून गेले. तेव्हापासून तो होता तिथंच होता. बारा पावलं लांब, सहा पावलं रुंद.

फुलचूरच्या पुढे राइस मिलांची रांग संपते, तिथं ही बाग आहे. कुठल्याशा कमिटीनं फार वर्षांपूर्वी लेकरांसाठी काढलेली. समोर घसरगुंडी आणि कधीच न उडणारं कारंजं, मागं जनावरं. गोंदियातले लोक कौतुकानं तिला चिडियाघर म्हणतात. चार मोर, एक म्हातारी माकडीण, मोजता न येणारे ससे आणि एक मगर. ही मगर इतकी निवांत, की लोकांना ती प्लास्टिकची वाटायची आणि खात्री करून घ्यायला ते तिला खडे मारायचे. खडे वेचायचं काम बिसरामचं. खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या वेचायचं कामही त्याचंच. कोणी विचारलं, काय करता बागेत, तर तो सांगायचा, "वेचतो." थट्टा नव्हती ती. एकोणतीस वर्षांत माणसाच्या कामाचं जे उरतं तेच तो सांगत होता.

आता त्या फरशीबद्दल सांगायलाच हवं, कारण बिसरामच्या जिवाला तीच लागून राहिली होती. ती त्यानं स्वतः घातली होती. बागेत तो जनावरं सांभाळायला आलाच नव्हता. पिंजरे बांधणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली मजूर म्हणून आला होता. सगळीकडे सिमेंट ओतायचं ठरलेलं. सिमेंट धुता येतं, चिखल होत नाही, वास मारत नाही. या पिंजऱ्याची फरशी बिसरामनं दोन दिवस गुडघ्यांवर बसून घोटली. इतकी गुळगुळीत झाली, की मिस्त्री म्हणाला, हिच्यावर भात वाढून जेवावं. त्या एका शाबासकीवर बिसराम कितीतरी दिवस हवेत होता. काम संपलं तेव्हा कमिटीच्या माणसानं विचारलं, राहतोस का जनावरांमागं? तो राहिला.

पुढं त्या फरशीनं दोघांनाही धरलं. चांद्याचे सांधे सुजले, खुरं वाकडीतिकडी झिजली, लहानपणीचा दुखरा पाय पार ओढायला लागला. बिसरामचे गुडघे रोजच्या पाण्यानं आणि गारठ्यानं गेले. घरी येऊन तो खाटेवर बसला, की उठताना बायकोला, शामकलाला, हात द्यावा लागायचा. स्वतःच्या गुडघ्यांबद्दल त्याची तक्रार नव्हती. माणूस कामावर झिजतो, त्यात काय एवढं. पण चांद्यानं काय काम केलं होतं? त्याला तर कोणी विचारलंही नव्हतं. रोज सकाळी ओल्या फरशीवर खुरं सांभाळत उभा राहिलेला तो गडी पाहिला, की बिसरामला आपण घोटलेल्या त्या दोन दिवसांची लाज वाटायची.

दोन वर्षांपूर्वी डिंपल मॅडम आल्या. गोंदियाच्या बाजारातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, बाहेर कुठंतरी जनावरांचंच शिक्षण घेऊन आलेली. वय लेकीएवढं, बोलणं हिंदी, चालणं भरभर. आल्याआल्या तिनं पिंजऱ्यांची मापं घेतली आणि तोंड वाकडं केलं. मग कागद झाले, नकाशे झाले, बाहेरचे पाहुणे येऊन पाहून गेले. बागेमागची पडीक जागा घ्यायची, तिथं जाळीऐवजी खंदक खणायचा, आत माती, गवत, पाण्याचं डबकं आणि उभं होतं ते मोहाचं झाड तसंच ठेवायचं. दुसऱ्या एका मोठ्या प्राणिसंग्रहालयातून काळविटांचा कळप आणायचा. जागोजागी रंगीत फलक लावायचे.

मॅडमनं सगळ्या कामगारांना बसवून विचारलं, तुम्हाला काय सुचतं? कोणी पंखा मागितला, कोणी सायकल ठेवायला शेड. बिसराम सगळ्यात शेवटी बोलला.

"मॅडम, बाकी काई बी करा. माह्या चांद्याच्या पायाखाली माती द्या. मराच्या आधी एकडाव मातीत उभा राहू द्या त्याले."

मॅडमनं ते लिहून घेतलं. नुसतं लिहून घेतलं नाही, कमिटीशी भांडलीसुद्धा. म्हातारा लंगडा रोही पाहायला कोण येणार, असं एक सभासद म्हणाले, तर तिनं त्यांना सुनावलं, की मग म्हाताऱ्या सभासदांचंही पाहावं लागेल. ही गोष्ट बागेत पसरली आणि बिसराम तिच्यासाठी काहीही करायला तयार झाला. अखेर ठरलं, नव्या जागेचा एक भाग तारेचं कुंपण घालून चांद्याला द्यायचा. फलकही तयार झाला, त्यावर रोह्याचं चित्र. बिसराम येत्या फाल्गुनात रिटायर होणार होता. त्याआधी हे होणार होतं. त्याला आयुष्यात एवढी एकच गोष्ट स्वतः मागून मिळत होती.

नवी जागा जुन्या पिंजऱ्यापासून दोनशे पावलांवर होती. बिसराम म्हणाला, मी डबा वाजवत पुढं चालतो, तो माझ्या मागं येईल. ते खरंही होतं. पण मॅडम म्हणाल्या, नर रोही उघड्यावर आला आणि बिथरला तर बाजूलाच डांबरी रस्ता आहे. त्याला सुई मारून बेशुद्ध करायचं, ताडपत्रीवर घालून उचलायचं आणि तिकडे नेऊन शुद्धीवर आणायचं. त्यासाठी डॉक्टर बाहेरून येणार. दोनशे पावलांसाठी बंदूक. बिसरामनं मान हलवली. मोठ्यांचं काम असंच असतं, असा त्याचा एकंदर आयुष्याचा अनुभव होता.

डॉक्टर पोळ्यानंतरच्या आठवड्यात यायचे होते.

पोळ्याचं बिसरामचं स्वतःचं एक खूळ होतं, आणि त्यावरून त्याची दरवर्षी थट्टा व्हायची. त्याच्या दोन एकर धानाची नांगरणी-चिखलणी आठ वर्षांपासून ट्रॅक्टर करत होता. बैलजोडी गेली तशी गोठ्यात सरपण आलं. पहिल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, शामकलानं सवयीनं वाटीत हळद आणि लोणी कालवलं आणि मग दोघं त्या वाटीकडे पाहत बसले. बैलांचे खांदे चोळायचे, गरम पाण्यानं शेकायचे, कानात आवतण द्यायचं, ते आता कोणाला? बिसरामनं वाटी उचलली, सायकलवर टांग टाकली आणि बागेत जाऊन जाळीतून हात घालून चांद्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "आज आवतन घे बापा, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानावर पुरणपोळ्या घेऊन गेला. तेव्हापासून दरवर्षी हेच.

"बिसरामभाऊ, याच्या खांद्यावर कोणतं जू ठेवलंत?" लोक विचारायचे.

"वर्षभर उभं राहून लोकायले दाखवाचं काम करते ना तो," बिसराम म्हणायचा. "ते का कमी आहे?"

या वर्षीही त्यानं संध्याकाळी खांदा चोळला. चांद्या डोळे अर्धे मिटून उभा राहिला. बिसरामनं आवतण दिलं, आणि वर म्हणाला, "पुढच्या साली मातीत जेवजो."

घरी येऊन हात धुतो तोच मॅडमचा फोन. काळविटांची गाडी उद्याच येते आहे. तीच माणसं, तेच डॉक्टर. चांद्यालाही उद्याच हलवायचं. नव्या भागाचं उद्घाटन परवा, तान्ह्या पोळ्याला. "भाऊ, एक बात ध्यान रखना. आज रात से उसको कुछ नहीं देना. सुबह पानी भी नहीं. पेट खाली चाहिए, तभी इंजेक्शन देंगे."

"हव जी," बिसराम म्हणाला आणि फोन हातात धरून उभाच राहिला.

शामकला चुलीशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आवतन देऊन आले ना तुमी?"

"हव."

"मंग आता?"

"मंग काय. डाक्टरचा हुकूम आहे, उपाशी ठेवा म्हणून."

"सणाच्या दिवशी जेवाले बलावून उपाशी ठेवाचं?" शामकलानं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "पुरन तं मी करतोच. नेवा का नोको, तुमचं तुमी पाहा."

ही बाई भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

सकाळी बिसरामनं डबा घेतला. देण्यासाठी नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. आवतण देऊन रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढ्याचसाठी. डॉक्टर निघून गेल्यावर, चांद्या नव्या जागेत शुद्धीवर आल्यावर देऊ. सगळं नीट ठरवून तो फाटकाशी आला. टक, टक, टक, आणि घासत. चांद्या जाळीशी येऊन उभा राहिला. खांद्यावर कालची हळद वाळली होती.

बिसरामनं त्याच्याकडे न पाहता फरशी धुतली. गव्हाण उलटी करून ठेवली. चांद्यानं नाकानं ती सरळ केली, रिकामी गव्हाण चाटली आणि पुन्हा जाळीशी आला. त्याला पुरणाचा वास आला होता. तो ओरडला नाही, धडका दिल्या नाहीत. नुसता थांबला. दरवर्षी या दिवशी मिळतं, आज उशीर होतो आहे, पण मिळेल. असा थांबलेला पाहुणा पाहणं बिसरामला जमेना. एकोणतीस वर्षांत त्यानं बागेचा एकही नियम मोडला नव्हता, आणि त्याबद्दल कोणी त्याला एका शब्दानं विचारलंही नव्हतं.

त्याला वाटलं, एक पोळी. एका पोळीनं काय होतं? आवतणाचा मान तेवढा राहील.

चांद्यानं पोळी जिभेनं ओढून घेतली. मग दुसरी गेली. मग तिसरी. मग बिसराम मोजायचा थांबला. डबा रिकामा झाला, चांद्यानं पळसाचं पानही खाल्लं आणि जाळीतून बिसरामच्या हाताला लागलेलं तूप चाटलं. बिसरामला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, त्याला फार बरं वाटलं.

अकराच्या सुमारास गाडी आली. लाकडी पेट्यांमध्ये आठ काळविटं, आणि पुढं डॉक्टर इंद्रकुमार. बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर चढवलेले, घाईतले. संध्याकाळपर्यंत त्यांना पुढच्या एका गावी पोचायचं होतं. काळविटं गाडीतच ठेवली. आधी म्हाताऱ्याचं काम उरकू, म्हणाले. दहा माणसं ताडपत्री घेऊन उभी राहिली. डॉक्टरांनी सुईत औषध भरलं, बंदूक तयार केली आणि सहज विचारलं, "कालपासून पोटात काही नाही ना?"

"बिलकुल नहीं," मॅडम म्हणाल्या. "बिसरामभाऊ के रहते सवाल ही नहीं."

बिसराम तिच्या मागंच उभा होता. गप्प राहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? दोनशे पावलं. तासाभरात चांद्या मोहाच्या झाडाखाली, मातीत. सोळा वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते समोर होतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. डॉक्टरांनी बंदूक खांद्याला लावली. चांद्या बिसरामकडेच पाहत होता, ओठाला पुरण लागलेलं.

"थांबा जी," बिसराम म्हणाला. "मी चारलो त्याले."

कोणाला काही कळेना.

"सकाळीच चारलो. पोळ्या. डबाभर."

डॉक्टरांनी बंदूक खाली केली. त्यांना राग आला नाही, किंवा आला तरी त्यांनी तो गिळला. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बेशुद्धीत पोटातलं अन्न उलटं येतं आणि श्वासनळीत जातं. जनावर गुदमरतं. झोपेतच जातं. "तुम्ही बोलला नसता," ते म्हणाले, "तर आत्ता मी त्याला मारलं असतं."

बिसरामनं जाळीतून हात घालून चांद्याच्या ओठाला लागलेलं पुरण पुसलं.

डॉक्टर जाळीजवळ गेले. चांद्याचे सांधे, खुरं, डोळे बराच वेळ पाहत राहिले. परत आले ते मान हलवतच. "मॅडम, तुम्ही इतकं म्हणालात म्हणून मी तयार झालो होतो. या वयाला सुईच धोक्याची आहे. आज वेळ होता, मदतीला माणसं होती. पुन्हा मी हे धाडस करणार नाही." त्यांनी कागदावर लिहिलं, हलवण्यास योग्य नाही, आणि सही केली.

डिंपल मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक दिन, भाऊ! एक दिन तुमसे रुका नहीं गया? किसके लिए लड़ी मैं कमिटी से? काऊन दिया?"

हिंदी बोलणाऱ्या तिच्या तोंडून "का"साठी इकडचं "काऊन" ऐकून बिसरामला आणखीच वाईट वाटलं. लेकीनं विचारल्यासारखं वाटलं.

"आवतन देलो होतो," तो म्हणाला.

"किसको?"

"त्याले."

तिला समजलं की नाही कोणास ठाऊक. ती वळली आणि काळविटांच्या गाडीकडे गेली. दुपारी पेट्यांची दारं उघडली. काळविटं एकामागून एक बाहेर झेपावली, मातीवर उड्या घेत पार खंदकाच्या टोकापर्यंत गेली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मधलं तारेचं कुंपण संध्याकाळी काढून टाकलं. आता त्याची गरज नव्हती. रोह्याच्या चित्रावर काळविटाचं चित्र चिकटवलं.

तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन आली. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. बिसरामच्या गळ्यात शिट्टी घालून त्याला नव्या भागात उभं केलं होतं. दिवसभर तो शिट्टी वाजवून एकच वाक्य म्हणत होता, "जनावरांना खायला देऊ नका." संध्याकाळी त्याचा घसा बसला. बागेतल्या माणसांनी हसू दाबलं, आणि कधी नव्हे ते त्याला त्यांच्या थट्टेचा राग आला.

कमिटीनं लेखी समज दिली. त्यानं सही केली. जुन्या पिंजऱ्यांसमोर हिरवी जाळी ताणली, नव्या भागाकडे जाताना लोकांना ते ओंगळ दिसू नये म्हणून. चांद्याला आता पाहायलाही कोणी येईना. मॅडम कामापुरतं बोलायच्या. रोज सकाळी टक, टक, टक आणि घासत. आधी हा आवाज ऐकून त्याचा जीव भांड्यात पडायचा. आता तो ऐकवत नसे. आपण गप्प राहिलो असतो तर तो मेला असता, हे खरं. पण आपण पोळी दिलीच नसती तर आज तो मातीत असता, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं धरून जगायचं कसं, हे सांगणारं कोणी नव्हतं. एकदा त्यानं शामकलाला विचारलं, मी चुकलो का? ती म्हणाली, "चुकले. पन मी असती तं मी बी चुकली असती." तेवढं बोलून दोघं जेवले.

कार्तिकात धान कापून झालं. एका दुपारी बिसराम रिकाम्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसला होता, चपला बाजूला काढून. ऊन लागून माती कोमट झाली होती. पाय तिच्यात रोवून बसलं की गुडघ्यांचा ठणका हळूहळू उतरायचा, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तो तसाच बसून राहिला आणि मग एकदम उठला. चांद्याला मातीपर्यंत नेता येत नव्हतं. मातीला मात्र कोणा डॉक्टरचा कागद लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमला विचारलं. मॅडम म्हणाल्या, "फर्श रोज़ धोने का नियम है, भाऊ. माती डालोगे तो कीचड़ होगा." बिसराम "हव जी" म्हणून वळला. दोन दिवसांनी नळवाला आला आणि जुन्या पिंजऱ्यांकडचा नळ काढून घेऊन गेला. मॅडम मागून येऊन उभ्या राहिल्या. "नए हिस्से में पानी कम पड़ रहा है. अब इधर पाइप नहीं आएगा. धुलाई का क्या करना है, तुम देखो." बोलताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती. तिला सगळं समजलं होतं, पोळ्याच्या दिवशीच समजलं होतं, हे बिसरामला तेव्हा कळलं.

मग रोज एक पोतं. आपल्या बांधीतली माती भरायची, सायकलच्या कॅरिअरवर बांधायची आणि हातानं ढकलत न्यायची, कारण त्या वजनानं सायकल चालवता येत नव्हती. रस्त्यात लोक विचारायचे, भाऊ, घर बांधून राहिले का? तो हव म्हणायचा. पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीपासून त्यानं माती पसरायला घेतली, ढेकळं हातानं फोडून, पायांनी दाबून. रोजचं शेण तेवढं टोपलीनं उचलायचा. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. पाठ धरली, तर शामकलानं पोतं बांधायला घेतलं. पौषात ती माती पिंजऱ्याच्या पुढच्या अंगापर्यंत आली. जाळीजवळ फक्त दोन पावलांची सिमेंटची पट्टी उरली.

आणि चांद्या त्या पट्टीवरच उभा राहिला. माती जसजशी पुढं येत गेली, तसतसा तो मागं हटत गेला. मातीकडे मान लांब करून हुंगायचा, फुरफुरायचा आणि पुन्हा सिमेंटवर. एक दिवस, दोन दिवस, दहा दिवस. बिसराम आत जाऊन मातीवर उभा राहायचा, डबा वाजवायचा, गव्हाण तिकडे सरकवायचा. चांद्या भुकेला राहायचा पण पाय टाकायचा नाही. सोळा वर्षं ज्यावर उभं राहिलं तेच त्याला आपलं वाटत होतं. बिसराम त्याच्यावर रागावलाही नाही. तो आता इतका दमला होता, की रागवायलाही त्याच्यात त्राण नव्हतं. फाल्गुन जवळ आला होता. आपण जाऊ, नवा माणूस येईल, नळ परत जोडेल आणि एका सकाळी सगळी माती नालीत धुऊन काढेल, असं त्याला वाटायला लागलं.

माघातल्या एका सकाळी, गारठा म्हणून घरूनच गमबूट घालून आलेल्या बिसरामनं फाटक उघडलं आणि कान दिला. आवाज आला नाही.

त्यानं पुन्हा कान दिला. मोर ओरडला, रस्त्यावरून ऑटो गेला. टक नाही, घासणं नाही. डबा वाजवला, तरी काही नाही. हिरव्या जाळीखालून वाकून तो पिंजऱ्याशी गेला. सिमेंटची पट्टी रिकामी होती.

चांद्या मागच्या भिंतीशी पडला होता. चारही पाय पोटाखाली घेऊन, हनुवटी मातीत टेकवून. दुखऱ्या पायाशी त्यानं खुरानं उकरून एक खळगा केला होता आणि सुजलेला सांधा त्यात ठेवला होता. बिसरामनं श्वास रोखून पाहिलं. बऱ्याच वेळानं एक कान हलला. मग डोळा उघडला, बिसरामला पाहिलं आणि पुन्हा मिटला. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याला उठून जाळीशी यावंसं वाटलं नव्हतं.

बिसरामनं दार उघडलं. सिमेंटच्या पट्टीवर बसून त्यानं गमबूट काढले, आधी एक, मग दुसरा, आणि आपल्याच शेतातल्या मातीवर अनवाणी पाय टाकत तो आत गेला.